एकाच हॉटेलातल्या तीन खोल्या

परिस्थिती

प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं आणि राहण्याचा खर्च मानधनातूनच भागवायचा होता. आम्ही दोघी होतो. मी, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेली माझी सहकारी, जी मला ताई म्हणते आणि माझ्या प्रवासी पिशवीची टिंगल करते. शहर दोघींनाही नवं. शोधता शोधता दोन पर्याय उरले. एक शहराबाहेरचं नवं, ऐसपैस हॉटेल, तिथून प्रशिक्षणाच्या जागी पोचायला एका वेळेला ६५ मिनिटं. दुसरं ऐन बाजारपेठेतलं जुनं, चार मजली, अगदी साधं हॉटेल. तिथून चालत १० मिनिटं, आणि भाडं पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

मी कागदावर हिशेब मांडला. फेरीमागे ५५ मिनिटं वाचणार, तीन दिवसांच्या सहा फेऱ्या, म्हणजे साडेपाच तास. पैसे वाचणार ते वेगळेच. बाजारपेठेतलं हॉटेल घेतलं. या हिशेबात मी रात्र धरलीच नव्हती, हे पुढे कळलं.

अशी हॉटेलं स्वस्त का असतात याबद्दल माझा काही भ्रम नव्हता. मध्यवस्तीतली जागा महाग, म्हणून खोल्या लहान. इमारत जुनी, नोकरमाणसं मोजकी, रात्री काउंटरवर एकच माणूस. तिथे मालक आपल्याला खोली कमी आणि पत्ता जास्त विकत असतो. हेच टोकाला नेलं की १९७९ साली ओसाकात सुरू झालेलं कॅप्सूल हॉटेल होतं: आडवं होण्यापुरता खण, बाकी सगळं सामाईक. आमच्या हॉटेलात निदान उभं राहून साडी नेसता येत होती.

पहिली खोली

खाली दुकानं, वर जिना, पहिल्या मजल्यावर काउंटर. काउंटरवरच्या माणसाने आम्हा दोघींकडे पाहिलं, वयाचा अंदाज घेतला आणि मला दुसऱ्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली दिली. मोठी खिडकी, भरपूर उजेड. सहकारीला चौथ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाची, बाजूच्या बोळावर उघडणारी. भाडं दोघींचं सारखंच.

‘‘ताई, तुम्हाला चांगली दिली हं. माझ्या खिडकीतून समोरची भिंत दिसते फक्त,’’ ती म्हणाली. मीही खूश झाले. मोठेपणाचा मान मिळाला की माणूस फार विचार करत नाही.

खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा सामान न्हाणीघरात ठेवते. सहकारी हसते ती यालाच. पण ढेकूण बॅगेतून घरी येतात आणि आले की महिनोन्महिने उपाशी राहूनही तग धरतात. फरशीवर, कोरड्या कोपऱ्यात ठेवलेल्या बॅगेत ते शिरण्याची शक्यता कमी. मग पलंगाच्या उशाकडची चादर उचलून गादीच्या शिवणीवरून फोनचा उजेड फिरवायचा. जिवंत ढेकूण दिसेलच असं नाही. पूर्ण वाढलेला जेमतेम सफरचंदाच्या बीएवढा, आणि दिवसा तो लपलेला असतो. शोधायचे ते त्याचे काळे ठिपके, शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखे, ओल्या कपड्याने पुसले तर पसरणारे. शिवण, गादीचे कोपरे, पलंगाच्या पाठीचा भिंतीकडचा भाग, एवढं पाहायला चार मिनिटं लागतात. गादी स्वच्छ निघाली. चादर विरलेली होती, पण धुतलेली होती. साध्या हॉटेलात मी एवढ्यावर समाधानी असते.

खिडकी मात्र मी नीट पाहिली नाही. तिच्या बाहेर काय दिसतं तेवढंच पाहिलं.

रात्री अकराला पडले तेव्हा रस्ता भरून वाहत होता. बारापर्यंत थांबेल असं वाटलं. बाजारपेठेतली रहदारी थांबत नाही, ती विरळ होते, आणि विरळ झालेली जास्त छळते. सलग घरघर असली की कान काही वेळाने ती सोडून देतात. मध्ये शांतता आणि मग एकच मोटरसायकल, असं झालं की प्रत्येक मोटरसायकल नव्याने ऐकू येते. झोप न येणाऱ्या माणसाला उद्योग हवा म्हणून मी फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. खिडकी बंद ठेवून पार्श्वभूमीला ४६ ते ४८ डेसिबल, वाहन गेलं की ६५च्या पुढे. फोनचं ॲप हे काही प्रमाणित यंत्र नव्हे, चार-पाच डेसिबल इकडेतिकडे धरून चालावं. तरी तुलनेसाठी आकडा आहे: जागतिक आरोग्य संघटनेने १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सरासरी ३० डेसिबल आणि अधूनमधून येणारा एखादा आवाज ४५पर्यंत, अशी मर्यादा सुचवली होती. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ४५च्या जागी ६५ हा साधारण चौपट.

उठून खिडकीच्या चौकटीवरून ओला तळहात फिरवला. सरकत्या काचेच्या दोन पल्ल्यांमध्ये, जिथे ते एकमेकांवर येतात, तिथून वारा हाताला लागत होता. वारा आत येतो तिथून आवाजही येतो. वर्तमानपत्राची घडी करून फटीत कोंबली. काचेचा थरथराट थांबला, रस्ता थांबला नाही. हॉटेलच्या पाटीचा लाल दिवा पडद्याच्या दोन भागांमधून थेट उशीवर येत होता, तो मी केसांच्या क्लचरने पडदा जोडून बंद केला. हा त्या रात्रीचा एकमेव विजय.

पावणेचारला कचऱ्याची गाडी मागे घेतल्याची पिपाणी वाजली. आणि साडेपाचला खालच्या दुकानांची शटरं वर गेली. हा आवाज कानापर्यंत हवेतून आलाच नाही, भिंतीतून, पलंगाच्या पायांतून वर आला. कानात बोळे घातले असते तरी त्याचा फारसा उपयोग नव्हता.

सकाळी जिन्यात सहकारी भेटली, केस धुतलेले, ताजीतवानी. ‘‘कसली झोप लागली, ताई!’’

मी काही बोलले नाही. अकराच्या सुमाराला, चाळीस माणसांसमोर, मी ‘आता दुसरा मुद्दा’ असं म्हणून दुसरा मुद्दा दुसऱ्यांदा सांगितला आणि तिसरा गाळला.

हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या सकाळमुळे. हॉटेल एक, भाडं एक, रात्र एक, आणि दोन माणसांचा अनुभव इतका वेगळा की आम्ही दोघींनी त्या दिवशी त्या हॉटेलबद्दल लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की एक जण खोटं बोलतेय. वयाचा फरक धरा, स्वभावाचा धरा. पण नव्या जागेतली पहिली रात्र दोघींनाही सारखीच होती. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री झोप उथळ लागते हे जुनं निरीक्षण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की त्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध असतो, आणि उजव्या कानावर पडलेल्या अनोळखी आवाजाने माणूस लवकर जागा होतो. दुसऱ्या खेपेला हा फरक नाहीसा झाला. म्हणून मी आता पहिल्या रात्री उजवा कान उशीत घालून झोपते. हे माझं स्वतःचं शास्त्र आहे, त्याला आधार नाही.

दुसरी खोली

संध्याकाळी काउंटरवर जाऊन म्हटलं, ‘‘रस्त्याकडची नको, आतली द्या.’’ दिली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, खिडकी डक्टमध्ये उघडणारी.

सामान हलवताना मी दुसरा जिना शोधला. नव्या मजल्यावर आल्यावर खोलीच्या दारापासून जिन्यापर्यंत मधली दारं मोजायची, ही माझी जुनी सवय. धुरात पाट्या दिसत नाहीत. खाली वाकून, भिंतीला हात लावत जायचं असतं आणि तेव्हा ‘डावीकडे पाचवं दार संपलं की जिना’ एवढंच कामाला येतं. पहिल्या रात्री मुख्य जिना समोरच होता म्हणून मी दुसऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला दार होतं, उघडत होतं, आणि दाराआड जिन्याच्या वळणावर गाद्या रचून ठेवल्या होत्या. सात-आठ गाद्या, छातीपर्यंत. एक माणूस आडवा होऊन कसाबसा गेला असता. त्यांच्यावर कोणीतरी छत्री वाळत घातली होती.

आवाज, विटलेली चादर, कोमट पाणी, यातलं सगळं मी स्वस्ताईच्या खात्यावर लिहायला तयार असते. हे नाही. बाहेर पडायचा रस्ता ही काही महागड्या हॉटेलात मिळणारी वाढीव सोय नाही. खाली जाऊन सांगितलं. ‘‘सकाळी हलवतो मॅडम.’’ मी म्हटलं, आत्ता हलवा, मी इथेच बसते. बसलेही. काउंटरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाऊण तास. दोन मुलं आली, गाद्या उचलून गच्चीकडे घेऊन गेली. मी भांडले नाही, आवाज चढवला नाही. फक्त उठले नाही.

खोलीत रस्त्याचा आवाज खरोखरच नव्हता. दहापर्यंत मला वाटलं, जिंकलं. मग मजल्यावरची माणसं परतू लागली आणि डक्ट बोलायला लागला. डक्ट म्हणजे चार मजल्यांची न्हाणीघरं ज्यात उघडतात ती उभी पोकळी. वरच्या कोणाचं खाकरणं, खालच्या कोणाचं फोनवरचं भांडण, आणि सगळ्यांचं पाणी. न्हाणीघरं पाठीला पाठ लावून एकावर एक रचायची आणि सगळे पाइप एकाच उभ्या मार्गाने न्यायचे, ही बांधणी हॉटेलांच्या इतिहासात मोठी सुधारणा मानली जाते. एल्सवर्थ स्टॅटलरने १९०८ साली बफेलोत उघडलेल्या हॉटेलात याच युक्तीने सामान्य भाड्याच्या प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर देता आलं. पाइप कमी, खर्च कमी. त्या उपकाराची परतफेड मी रात्री एक वाजता करत होते. वरच्या मजल्यावर कोणी साखळी ओढली की माझ्या उशामागच्या भिंतीतून धबधबा जायचा.

दाराकडूनही आवाज येत होता. लिफ्ट थांबली की घंटा, मग जाळीचं दार, मग पावलं. दाराखालची फट मी बोटाने मोजली: जवळजवळ दोन सेंटिमीटर. ध्वनिशास्त्रातला एक साधा नियम आहे: दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जरी उघडी फट असली तरी ते दार, मग ते शिशाचं का असेना, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. ९० सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर उंच दाराखाली दोन सेंटिमीटरची फट म्हणजे नेमका तो १ टक्का. टॉवेलची गुंडाळी करून फटीत सरकवली. त्याने जो फरक पडला तो पहिल्या रात्रीच्या सगळ्या खटपटीपेक्षा जास्त होता. आग लागलीच आणि व्हरांड्यात धूर भरला तरी हाच टॉवेल, ओला करून, तिथेच लावायचा असतो, हे त्या वेळी आठवून झोप थोडी लांबली.

कानात फोमचे बोळेही घातले. बोळा बोटांत लाटून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट टेकवून ठेवायचं. नुसता कानाच्या तोंडाशी बसवला तर पाकिटावर छापलेल्या आकड्यातलं फार थोडं पदरात पडतं. आपल्याला धोक्याची घंटा ऐकू येणार नाही ही भीती मला दर वेळी वाटते. म्हणून बोळे फक्त एका कानात, आणि दुसरा कान उशीत.

पाचला गच्चीवरची टाकी भरायला पंप सुरू झाला. त्यानंतर झोप नाही. पण बारा ते पाच मिळाले. पहिल्या रात्रीच्या मानाने चैन.

तिसरी खोली

तिसऱ्या संध्याकाळी मी शहाणपणा केला. रात्रपाळीचा माणूस यायची वाट पाहिली. दिवसा काउंटरवर असतो त्याला खोल्यांचे क्रमांक माहीत असतात, रात्रीच्याला त्यांचे स्वभाव. तक्रार घेऊन कोण खाली येतं, किती वाजता येतं, हे तोच पाहत असतो. साठीचे गृहस्थ होते. विचारलं, ‘‘काका, तुमच्या घरचं कोणी इथे उतरलं आणि त्याला पहाटे उठून परीक्षेला जायचं असलं, तर कुठली खोली द्याल?’’

त्यांनी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘तिसऱ्या मजल्यावरची बोळाकडची, टोकाची. लोकांना आवडत नाही, समोर भिंत आहे म्हणून. देऊ का?’’

म्हणजे सहकारीच्या खोलीच्या बरोबर खालची. मी वर जाऊन आधी पाहिली, सामान न आणता. आता काय पाहायचं ते कळलं होतं. खिडकी बंद करून एक मिनिट गप्प उभी राहिले. दार लावून फटीचा अंदाज घेतला. भिंतीवर टिचकी मारली, पोकळ वाजली नाही. पंखा सगळ्यात जोरात लावून ऐकला. न्हाणीघर डक्टकडे होतं, पण पलंग विरुद्ध भिंतीला होता, आणि ही एकच गोष्ट मला आधीच्या खोलीत मिळाली असती तर पुरेशी झाली असती. लिफ्ट लांब, जिना दोन दारांवर आणि मोकळा.

ॲपने ३३ दाखवलं. रात्री अकरा ते साडेसहा झोपले.

खोट एकच निघाली, ती गरम पाण्याची. टोकाची खोली म्हणजे पाइपचंही टोक, आणि आठ वाजता सगळ्यांना आंघोळी करायच्या असतात. १०० लिटरच्या टाकीतलं पाणी ४० अंशांनी तापवायला तीन किलोवॅटच्या हीटरला दीड तास लागतो, आणि शॉवरखाली आठ मिनिटं उभा राहणारा एक माणूस सहज ६० लिटर संपवतो. टाकी किती मोठी होती मी विचारलं नाही, पण गणित त्याच जातीचं असणार. पावणेसातला आंघोळ केली, पाणी कढत. सहकारी आठला गेली आणि किंचाळली. तो आवाज मात्र छताला भेदून आला.

हिशेब

साडेपाच तास वाचणार होते. पहिल्या रात्री झोपेतले तीन तास गेले, दुसऱ्या रात्री दीड. निव्वळ बचत एक तास. सहकारीची पूर्ण साडेपाच. शिवाय बसमध्ये वाया गेलेला तास आणि झोपेतून गेलेला तास एका भावाने धरता येत नाहीत. बसमध्ये निदान डुलकी काढता येते. उलट मध्यवस्तीचा एक फायदा मी आधी मोजलाच नव्हता: दुपारच्या सुट्टीत खोलीवर येऊन अर्धा तास पाठ टेकता आली, दोन्ही दिवस. शहराबाहेरच्या हॉटेलात राहिले असते तर ते शक्य नव्हतं. पहिल्या दिवशीची दुपार त्या अर्ध्या तासावर निभावली.

मग निर्णय चुकला का? मला वाटत नाही. चूक झाली ती मी हॉटेल निवडून थांबले ही. महागड्या हॉटेलात एका खोलीत आणि दुसऱ्या खोलीत फरक फार राहू नये यासाठीच पैसे घेतलेले असतात. जाड दारं, दुहेरी काच, सगळीकडे सारखं. साध्या हॉटेलात तो फरक कोणी बुजवलेला नसतो, त्यामुळे चांगली खोली आणि वाईट खोली एकाच भाड्यात शेजारी शेजारी असतात, आणि विचारेल त्याला चांगली मिळते. खोली आधी दाखवा म्हणायला मला पहिल्या दिवशी संकोच वाटला होता. ‘एवढ्या भाड्यात अजून काय हवं’ असं समोरचा म्हणेल ही भीती. कोणी म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशी तर त्या काकांना माझा प्रश्न आवडला असावा, कारण किल्ली देताना त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या पहिल्या खोलीबद्दल स्वतःहून सांगितलं: ‘‘ती आम्ही दिवसा काम असणाऱ्यांना देत नाही खरं म्हणजे. रात्रपाळीवाल्यांना देतो. ते दिवसा झोपतात, तेव्हा रस्त्याची सलग घरघर असते, त्यांना चालतं. तुम्हाला मान म्हणून दिली असेल.’’

निघताना

शेवटच्या दिवशी सकाळीच खोली सोडली. सहकारी लिफ्टने बॅगा घेऊन गेली. मी मुद्दाम दुसऱ्या जिन्याने उतरले. तिसरा मजला मोकळा, दुसरा मोकळा. पहिल्या मजल्याच्या वळणावर दोन गाद्या परत आलेल्या होत्या, भिंतीला टेकून उभ्या, या वेळी नीट बांधलेल्या. काउंटरवर अभिप्रायाची वही होती. मी त्यात खोलीचा क्रमांक आणि ‘झोप उत्तम’ लिहिलं, खाली गाद्यांचं लिहिलं, तारीख आणि वेळ घातली, आणि ते पान उघडं ठेवून वही काकांकडे फिरवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि आत कोणालातरी हाक मारली.

‘‘ताई, चला ना, उशीर होतोय,’’ सहकारी दारातून म्हणाली.

‘‘दहा मिनिटांचा तर रस्ता आहे. थांब, गाद्या जाऊ देत,’’ मी म्हटलं, आणि त्याच खुर्चीवर बसले.